संघराज्याचा भाग पाठ आहे, पण उदाहरण सुटत नाही: सातव्या अनुसूचीचा अभ्यास कसा करावा

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात एलएलबीच्या दुसऱ्या वर्षाला असलेली एक विद्यार्थिनी विचारते: केंद्र-राज्य संबंधांच्या नोट्स पाठ आहेत, तत्त्वांची आणि निकालांची नावं येतात. पण परीक्षेत किंवा मूट कोर्टात (सरावाच्या अभिरूप न्यायालयात) एखादा काल्पनिक कायदा समोर आला की सुरुवात कुठून करायची ते कळत नाही. वाचायचं काय, कोणत्या क्रमाने आणि किती?

तुमची अडचण माहितीची नाही, क्रमाची आहे. 'भारत खरंच संघराज्य आहे का' हा निबंध पाठ्यपुस्तकांत पहिला येतो, म्हणून विद्यार्थीही तिथूनच सुरुवात करतात. अभ्यासात हा निबंध शेवटी यायला हवा. आधी एक कायदा उचलून तो राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीच्या तीन सूच्यांतून (संघ, राज्य आणि समवर्ती, म्हणजे केंद्राचे, राज्यांचे आणि दोघांचे विषय) पुढे न्यायला शिका. असे दहा-बारा कायदे तपासले की निबंधाचे मुद्दे आपोआप हाताशी येतात. उलट क्रमाने गेलात तर वर्षअखेरीस निबंध हाती असतो आणि उदाहरण सुटत नाही.

पहिली गोष्ट म्हणजे ताजा बेअर ॲक्ट, म्हणजे भाष्याशिवाय छापलेला राज्यघटनेचा मूळ मजकूर. अप्पा बळवंत चौकात जुनी प्रत स्वस्तात मिळते, पण घेण्यापूर्वी दोन पानं उघडून पाहा. अनुच्छेद 246क आणि 279क नसतील तर ती प्रत 2016 च्या 101 व्या घटनादुरुस्तीच्या आधीची आहे आणि या भागासाठी निरुपयोगी आहे. अनुच्छेद 342क मध्ये 2021 ची 105 वी दुरुस्ती आलेली आहे का, तेही बघा. केंद्र सरकारच्या विधायी विभागाच्या संकेतस्थळावर अद्ययावत राज्यघटना मोफत आहे. तरी छापील प्रतच वापरा, कारण समासात लिहायचं आहे.

पहिला आठवडा फक्त मूळ मजकूर वाचा, रोज तासभर. क्रम असा ठेवा: अनुच्छेद 245, 246, 248, मग 254, मग सातवी अनुसूची संपूर्ण, आणि त्यानंतर 249 ते 253. 246 मध्ये पहिला खंड 'काहीही असले तरी' म्हणतो आणि तिसरा खंड 'अधीन राहून' म्हणतो. केंद्राचं वर्चस्व या दोन शब्दप्रयोगांत साठवलेलं आहे, म्हणून ते अधोरेखित करा.

अनुसूची वाचताना मात्र घाई करू नका. राज्य सूचीतल्या अनेक नोंदी (क्रमांक दिलेले विषय) पूर्ण स्वतंत्र नाहीत. पाण्याची नोंद 17 ही संघ सूचीतल्या 56 च्या अधीन आहे. खाणींची 23 ही संघ सूचीतल्या 54 च्या, उद्योगांची 24 ही 7 आणि 52 च्या, तर राज्यांतर्गत व्यापाराची 26 ही समवर्ती सूचीतल्या 33 च्या अधीन आहे. अशी प्रत्येक जोडी पेन्सिलने समासात लिहून ठेवा. 42 व्या दुरुस्तीने राज्य सूचीतून समवर्ती सूचीत गेलेले पाच विषयही खुणावा: शिक्षण, वनं, वजनं-मापं, वन्य प्राणी-पक्षी संरक्षण, आणि सर्वोच्च व उच्च न्यायालयं वगळून इतर न्यायालयांची रचना. जुना निकाल वाचताना तो या बदलाच्या आधीचा आहे की नंतरचा हे पाहिलं नाही, तर शिक्षणावरचे निकाल हमखास चुकीचे लागू केले जातात. 1963 चा गुजरात विद्यापीठ विरुद्ध मुधोळकर हा निकाल दिला तेव्हा शिक्षण राज्य सूचीत होतं. आज तो वापरताना संघ सूचीची नोंद 66 आणि समवर्ती सूचीची नोंद 25 अशी जोडी मांडावी लागते.

कराच्या नोंदी वेगळ्या वाचा. संघ सूचीत 82 पासून आणि राज्य सूचीत 45 पासून त्या एकत्र बसवलेल्या आहेत. सर्वसाधारण विषयाची नोंद हाती असली म्हणून त्या विषयावर कर लावता येत नाही, त्यासाठी कराचीच नोंद दाखवावी लागते. हे तत्त्व 1958 च्या सुंदररामियर निकालात स्पष्ट झालं. 25 जुलै 2024 चा खनिजांवरचा नऊ न्यायाधीशांचा निकालही त्याच्याशिवाय समजत नाही.

आता मुख्य भाग. काल्पनिक कायदा समोर आला की स्वतःला ठरलेले प्रश्न ठरलेल्या क्रमाने विचारायचे, आणि आधीच्या प्रश्नाचं उत्तर लिहिल्याशिवाय पुढे जायचं नाही.

सुरुवातीला पाहा की कायदा कोणी केला आणि त्याची पोहोच राज्याबाहेर जाते का. जात असेल तर प्रादेशिक संबंधाचा मुद्दा आला. त्यासाठी मुंबई राज्य विरुद्ध चमारबागवाला, 1957, वाचा. बक्षीस स्पर्धा चालवणारं वर्तमानपत्र बेंगळुरूत छापलं जात होतं, पण मुंबई राज्यात खपत होतं. प्रवेशिका आणि पैसे इथूनच गोळा होत होते. तो संबंध खरा आणि पुरेसा आहे, असं न्यायालयाने धरलं.

मग कायद्याचा गाभा कोणत्या नोंदीत बसतो ते ठरवा. इथे विद्यार्थी 'पिथ अँड सबस्टन्स' (म्हणजे हाच गाभा) हे शब्द लिहितात आणि लगेच निष्कर्षावर उडी मारतात. गुण मधल्या कामाला असतात. कायद्याचा हेतू कोणत्या कलमांतून दिसतो, त्याचा मुख्य परिणाम कोणावर होतो, आणि दुसऱ्या सूचीला लागणारा धक्का मुख्य आहे की आनुषंगिक, हे तीन मुद्दे दोन-दोन वाक्यांत मांडा. बालसारा निकाल (1951) यासाठी उत्तम आहे. मुंबई दारूबंदी कायद्यामुळे आयातीवर परिणाम होत होता, तरी गाभा मद्याचाच ठरला.

ताजं आणि आपल्या राज्यातलं उदाहरण हवं असेल तर मोक्का, म्हणजे संघटित गुन्हेगारीविरुद्धचा महाराष्ट्राचा कायदा, घ्या. फोन संभाषण टिपण्याची कलमं 13 ते 16 मुंबई उच्च न्यायालयाने राज्याच्या अधिकाराबाहेरची ठरवली होती, कारण दूरसंचार ही संघ सूचीची नोंद 31. सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये भारत शांतीलाल शहा प्रकरणात ती कायम केली. गाभा सार्वजनिक सुव्यवस्था आणि गुन्हेगारी रोखण्याचा, दूरसंचाराला लागलेला धक्का आनुषंगिक, असं कारण दिलं. उच्च न्यायालयाने कुठे जास्त वजन टाकलं आणि सर्वोच्च न्यायालयाने कुठे, हे एका पानावर शेजारी शेजारी लिहून काढा. तत्त्व हाताळायला शिकवणारा याहून चांगला स्वाध्याय मला माहीत नाही.

त्यानंतरचा प्रश्न: गाभा राज्य सूचीत बसला, पण ती नोंद केंद्राच्या नोंदीच्या अधीन आहे का, आणि असेल तर संसदेने त्या नोंदीखाली कायदा केला आहे का? नुसती केंद्राची नोंद असणं पुरेसं नसतं. खाणी आणि उद्योगांच्या बाबतीत संसदेने कायद्याने तसं जाहीर करावं लागतं, आणि ती घोषणा जेवढी व्यापक तेवढाच राज्याचा अधिकार आकसतो.

आणि मगच 254, म्हणजे केंद्राच्या आणि राज्याच्या कायद्यांतली विसंगती. जवळजवळ सगळी चुकलेली उत्तरं इथेच चुकतात. केंद्राचा आणि राज्याचा कायदा एकमेकांना भिडतो आहे असं दिसलं की विद्यार्थी थेट विसंगतीकडे धावतात. पण दोन्ही कायद्यांचा गाभा समवर्ती सूचीतल्या विषयात असेल तरच 254 उघडतो. एक कायदा संघ सूचीतला आणि दुसरा राज्य सूचीतला असेल, तर तो वाद 246 खाली अधिकाराचा आहे, विसंगतीचा नाही. 1983 च्या होएख्स्ट निकालात बिहारच्या विक्रीकरावरचा अधिभार आणि केंद्राचं औषध किंमत नियंत्रण समोरासमोर होतं. विक्रीकर ही राज्याची स्वतंत्र नोंद, त्यामुळे 254 चा प्रश्नच उद्भवत नाही, असं न्यायालयाने सांगितलं. हा निकाल पूर्ण वाचा. लांब आहे, तरी वाचा.

विसंगतीच्या कसोट्या तीन: थेट विरोध, संसदेने त्या विषयाची संपूर्ण संहिताच करण्याचा हेतू, आणि दोन्ही कायद्यांनी एकच क्षेत्र व्यापणं. पहिली सगळ्यांना येते, बाकीच्या दोन निसटतात. त्या समजण्यासाठी पश्चिम बंगालच्या गृहनिर्माण कायद्याचा 2021 चा निकाल घ्या. त्या राज्याने 2017 मध्ये केलेला कायदा रेराची, म्हणजे गृहप्रकल्पांच्या नियमनाच्या केंद्रीय कायद्याची, जवळपास नक्कल होता. पाळताना एक मोडल्याशिवाय दुसरा पाळता येत नाही, अशी स्थिती फारशी नव्हती. तरीही तो रद्द झाला, कारण संसदेने व्यापलेलं तेच क्षेत्र त्याने व्यापलं आणि राष्ट्रपतींची अनुमतीही घेतलेली नव्हती. दोन कायदे सारखे असले तरी विसंगत ठरू शकतात, हे इथे स्वच्छ दिसतं.

पुण्यातल्या विद्यार्थ्यांसाठी याला जोडून एक स्वाध्याय आहे. रेराच्या कलम 92 ने महाराष्ट्राचा 2012 चा गृहनिर्माण कायदा नाव घेऊन रद्द केला, पण 1963 च्या मोफा कायद्याला (सदनिकांच्या मालकीविषयीच्या राज्याच्या कायद्याला) हात लावला नाही. मानीव अभिहस्तांतरणाची (बिल्डरने करून दिलं नाही तरी सोसायटीच्या नावे मालकी करून घेण्याची) तरतूद मोफात आहे. रेराची कलमं 88 आणि 89 समोर ठेवून, मोफाच्या कोणत्या तरतुदी टिकतात आणि कोणत्यांवर हल्ला होऊ शकतो, याची दोन बाजूंची टिपणं लिहा. सदनिका आणि सोसायट्यांचे वाद शिवाजीनगर न्यायालयात रोज असतात. त्यामुळे हे काम परीक्षेनंतरही उपयोगी पडेल.

शेवटी अनुमती. राज्याचा कायदा विसंगत असला तरी 254(2) खाली राष्ट्रपतींच्या अनुमतीने तो त्या राज्यात टिकतो. पण अनुमती मिळाली एवढं म्हणून थांबू नका, ती कोणत्या केंद्रीय कायद्याच्या संदर्भात मागितली होती ते विचारा. 2002 च्या कैसर-ए-हिंद निकालात मुंबई भाडे कायद्याच्या मुदतवाढीला अनुमती होती, पण प्रस्तावात सार्वजनिक जागांतील अनधिकृत भोगवटादारांविषयीच्या 1971 च्या केंद्रीय कायद्याचा उल्लेख नव्हता. म्हणून त्या कायद्यावर राज्याचा कायदा वरचढ ठरला नाही. शिवाय 254(2) च्या परंतुकाप्रमाणे संसद नंतर नवा कायदा करून राज्याचा कायदा निष्प्रभ करू शकते, म्हणून तारखा नेहमी मांडा.

हा क्रम एका उदाहरणावर चालवू. समजा महाराष्ट्राने ॲपवरून खाद्यपदार्थ पोहोचवणाऱ्या कामगारांसाठी कायदा केला: कंपनीने प्रत्येक व्यवहारामागे ठरावीक रक्कम कल्याण निधीत भरायची आणि कामगाराला कारण न देता ॲपवरून काढायचं नाही. कंपनी म्हणते, आमचं काम देशभर चालतं, हा विषय केंद्राचा. आधी पोहोच पाहा: कामगार पुण्यात आहे, ऑर्डर पुण्यात पोहोचते, संबंध खरा आहे. गाभा कामगार कल्याण आणि सामाजिक सुरक्षेचा, म्हणजे समवर्ती सूचीच्या नोंदी 22 ते 24. कंपनीची नोंदणी किंवा तिचा अंतर्गत कारभार हा विषय नाही, म्हणून संघ सूचीच्या 43-44 चा आधार दुर्बळ. निधीत भरायची रक्कम कर आहे की शुल्क? कर असेल तर समवर्ती सूचीत त्यासाठी नोंद नाही, शुल्क असेल तर त्याच सूचीतली नोंद 47 आहे. इथे राज्याच्या वकिलाला खरा घाम गाळावा लागेल, आणि उत्तरातही एक पूर्ण परिच्छेद इथेच खर्च करा. मग केंद्रीय कायदा: 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत गिग कामगारांची व्याख्या आणि त्यांच्यासाठी योजनांची तरतूद आहे. ती संपूर्ण संहिता आहे का? कल्याण निधीपुरतं कंपनी तसं म्हणू शकते. ॲपवरून काढण्याच्या तरतुदीबाबत क्षेत्र एकच आहे हे दाखवणं तिला जड जाईल. म्हणजे कायद्याचा एक भाग विसंगत आणि दुसरा टिकाऊ ठरू शकतो, आणि तो वेगळा काढता येतो का हा पुढचा मुद्दा. अनुमतीचा प्रस्ताव गेला असेल तर त्यात या संहितेचं नाव होतं का, हा शेवटचा.

'कायदा वैध' किंवा 'अवैध' असं एका ओळीत उत्तर देऊ नका. कोणती तरतूद कोणत्या कारणाने टिकते, हे परीक्षकाला दिसलं पाहिजे.

निकाल किती वाचायचे? पदवीच्या पातळीवर पंधरा पूर्ण वाचलेले निकाल पन्नास नावांपेक्षा जास्त कामाचे. सर्वोच्च न्यायालयाच्या ई-एससीआर संकेतस्थळावर ते मोफत आहेत. नऊ न्यायाधीशांचा निकाल पहिल्या पानापासून वाचायला घेतला तर तीन दिवसांत सुटून जातो. त्यात आधी पीठाकडे निर्णयासाठी पाठवलेले प्रश्न शोधा, मग शेवटचे निष्कर्ष वाचा, मग असहमतीचा निकाल, आणि त्यानंतर बहुमताचा युक्तिवाद. असहमती आधी वाचल्याने बहुमताला कशाचं उत्तर द्यावं लागलं ते कळतं. 2024 मधले दोन निकाल या पद्धतीने जोडीने वाचा: जुलैचा खनिजांवरचा आणि ऑक्टोबरचा औद्योगिक अल्कोहोलवरचा. दोन्हींत 8 विरुद्ध 1 असं बहुमत, दोन्हींत राज्यांची बाजू वरचढ, दोन्हींत असहमती न्यायमूर्ती नागरत्ना यांची. पहिल्याने 1989 चा इंडिया सिमेंट आणि दुसऱ्याने 1990 चा सिंथेटिक्स अँड केमिकल्स निकाल बाजूला सारला. जुन्या नोट्समध्ये हे दोन अजून प्रमाण म्हणून छापलेले असतात, ते खोडा.

प्रत्येक निकालाचं टिपण अर्ध्या पानाचं पुरे: कोणता कायदा, कोणत्या बाजूने कोणती नोंद पुढे केली, न्यायालयाने कोणती कसोटी लावली, निष्कर्ष काय. बाजूंनी मांडलेल्या नोंदींचे आकडे नसतील तर ते टिपण पुन्हा लिहा.

महाराष्ट्रात सहकार हा असा विषय आहे, जिथे संघराज्याची जवळपास सगळी यंत्रणा एका जागी सापडते, म्हणून त्याला वेगळे तीन-चार दिवस द्या. सहकारी संस्था राज्य सूचीच्या नोंद 32 मध्ये, बँकिंग संघ सूचीच्या 45 मध्ये. मग सहकारी बँकेचं काय? मे 2020 मध्ये पांडुरंग गणपती चौगुले विरुद्ध मुरगूड सहकारी बँक या प्रकरणात पाच न्यायाधीशांनी ठरवलं की तिचा बँकिंगचा व्यवहार 45 खाली येतो आणि सरफेसी कायदा (बँकांच्या थकीत कर्जवसुलीचा केंद्रीय कायदा) तिला लागू होतो. संस्थेची स्थापना आणि विसर्जन मात्र राज्याकडे. त्याच्या शेजारी जुलै 2021 चा राजेंद्र शहा निकाल ठेवा. 97 व्या दुरुस्तीने सहकारी संस्थांवर घटनेत एक पूर्ण भाग घातला, पण निम्म्या राज्यांचं अनुसमर्थन घेतलं नाही. राज्याच्या खास विषयाला धक्का लागत असल्याने घटनादुरुस्तीच्या अनुच्छेद 368(2) च्या परंतुकाप्रमाणे ते आवश्यक होतं. परिणामी तो भाग बहुराज्य सहकारी संस्थांपुरताच उरला. आणि ठेवीदारांच्या संरक्षणाचा 1999 चा एमपीआयडी कायदा: पतपेढ्या आणि गुंतवणूक योजना बुडाल्यावर पुण्यात याच कायद्याखाली मालमत्ता जप्त होतात. त्याची वैधता सर्वोच्च न्यायालयाने कायम ठेवली आहे, 2022 च्या 63 मून्स निकालातही. तिन्ही एकत्र वाचले की 'सहकार राज्याचा विषय आहे' हे वाक्य किती अपुरं आहे ते समजतं.

249 ते 253, म्हणजे राज्याच्या विषयावर संसद कायदा करू शकते ते प्रसंग, यांच्यासाठी उदाहरणं कमीच लागतात. 252 साठी नागरी जमीन कमाल धारणा कायदा, 1976, घ्या. राज्यांच्या ठरावांवरून संसदेने तो केला, त्यामुळे ठराव केलेल्या राज्याच्या विधिमंडळाला तो स्वतः बदलता येत नव्हता. संसदेने 1999 मध्ये निरसन कायदा केला, आणि महाराष्ट्राने तो 29 नोव्हेंबर 2007 पासून स्वीकारला. पुण्यात जमिनीचं काम करणाऱ्या वकिलाला या तारखेशिवाय चालत नाही. 253 (आंतरराष्ट्रीय करारांची अंमलबजावणी) साठी हवा प्रदूषणाचा 1981 चा कायदा पुरेसा आहे.

वस्तू व सेवा कराचं प्रकरण स्वतंत्र वाचा, कारण 246क तिथे 246 आणि 254 दोन्ही बाजूला ठेवतो. संसद आणि विधिमंडळ एकाच वेळी कायदा करू शकतात, आणि विसंगतीची नेहमीची पायरी तिथे चालत नाही. वस्तू व सेवा कर परिषदेत केंद्राच्या मताचं वजन एक तृतीयांश, सगळ्या राज्यांचं मिळून दोन तृतीयांश, निर्णयाला तीन चतुर्थांश लागतं. म्हणजे केंद्राला वगळून काही होत नाही आणि केंद्रालाही एकट्याने काही करता येत नाही. परिषदेच्या शिफारसी बंधनकारक नाहीत, हे 2022 च्या मोहित मिनरल्स निकालात आलं.

राष्ट्रपती राजवट आणि राज्यपालांच्या भागासाठी 1994 चा बोम्मई आणि 11 मे 2023 चा सुभाष देसाई हे दोन निकाल आधी. महाराष्ट्रात 1980, 2014 आणि 2019 मध्ये राष्ट्रपती राजवट लागली. तिन्ही वेळची कारणं वेगळी होती, त्यामुळे राष्ट्रपती राजवटीच्या अनुच्छेद 356 च्या कसोट्या लावून पाहायला साहित्य आयतं आहे. राज्यपालांनी विधेयकं अडवून ठेवण्याच्या प्रश्नावर एप्रिल 2025 चा तमिळनाडूचा निकाल एकटा वाचू नका. त्यानंतर राष्ट्रपतींनी मागितलेल्या अभिप्रायात, नोव्हेंबर 2025 मध्ये, पाच न्यायाधीशांनी मुदती आखून देण्याची भूमिका नाकारली.

आता 'भारत खरंच संघराज्य आहे का' हा निबंध. त्यासाठी 4 नोव्हेंबर 1948 चं डॉ. आंबेडकरांचं संविधान सभेतलं भाषण मुळातून वाचा. घटक राज्यांच्या करारातून हे संघराज्य झालेलं नाही आणि कुणालाही फुटून जाण्याचा अधिकार नाही, हे 'युनियन' शब्दामागचं कारण तिथे त्यांच्याच तोंडून मिळतं. त्याच्याबरोबर 1960 चा बाबुलाल पराते निकाल. मूळ विधेयकात महाराष्ट्र, गुजरात आणि केंद्रशासित मुंबई असे तीन भाग होते. संसदेने ते बदलून एकच द्विभाषिक राज्य केलं. बदललेला प्रस्ताव विधानसभेकडे पुन्हा पाठवायची गरज नाही, असं न्यायालयाने राज्यांच्या फेररचनेच्या अनुच्छेद 3 वरून ठरवलं. ज्या राज्याच्या नकाशावरून हा वाद झाला तिथले तुम्ही विद्यार्थी आहात, त्यामुळे निबंधात अमेरिका-कॅनडाच्या व्याख्या भरण्यापेक्षा हे आधी लिहा. तुलना करायचीच असेल तर ती नेमकी करा: कॅनडाच्या 1867 च्या कायद्यातली कलमं 91 आणि 92, ऑस्ट्रेलियाचं कलम 109, आणि आपला 254, एवढं पुरतं.

मूटसाठी किंवा शोधनिबंधासाठी विषय हवा असेल तर 2020 चे कृषी कायदे घ्या. ते 2021 मध्ये मागे घेतले गेले आणि त्यांच्या घटनात्मकतेवर अंतिम निकाल आलाच नाही, म्हणून दोन्ही बाजू अजून मोकळ्या आहेत. राज्याकडून शेतीची नोंद 14 आणि बाजारांची 28, केंद्राकडून समवर्ती 33. गुलटेकडीच्या मार्केट यार्डात आडत, सेस आणि परवाना नेमके कोणत्या टप्प्यावर लागतात ते आधी समजून घ्या. 'बाजार' कुठे संपतो आणि 'व्यापार' कुठे सुरू होतो, हा युक्तिवाद त्याच टप्प्यांवर उभा राहतो. वाचनाची सुरुवात 2002 च्या आयटीसी विरुद्ध कृषी उत्पन्न बाजार समिती या निकालापासून करा.